‘माझी हिंमत’ : जखऱ्या १२:५ मधल्या सरदारांना बळ कुठून आलं?

प्रिय बंधू, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही लिहिता, की मंडळीची जबाबदारी घेऊन दुसरं वर्ष चालू आहे. रविवारी चाळीसेक माणसं येतात, बुधवारच्या प्रार्थनेला मात्र चार-पाच म्हाताऱ्या बायाच. अशात जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातलं पाचवं वचन वाचण्यात आलं : यहूदाचे सरदार मनात म्हणतील, की यरुशलेमचे रहिवासी, त्यांचा देव सेनाधीश परमेश्वर याच्या ठायी, माझं बळ आहेत. तुम्ही विचारता, की बळ तर देवाकडून यायचं. मनुष्यावर भिस्त ठेवणारा शापित, असं यिर्मयाने स्पष्ट म्हटलं आहे. मग हे सरदार माणसांना आपलं बळ कसे म्हणतात? आणि तसं असेलच, तर ज्याच्या मागे चार-पाच म्हाताऱ्या आहेत त्या पाळकाने या वचनातून काय घ्यायचं?

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे, असं मला वाटतं. पण तिथपर्यंत जायचं तर वचनाच्या आतूनच जावं लागेल, म्हणून थोडा धीर धरा.

आधी शब्द पाहू. आपण ज्याला ‘बळ’ म्हणतो तिथे मूळ इब्री शब्द ‘अम्त्सा’ असा आहे. नाम म्हणून तो अख्ख्या जुन्या करारात या एकाच ठिकाणी येतो. पण त्याचा धातू तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर पुन्हा पुन्हा म्हणतो, ‘खंबीर हो, हिंमत धर’. त्यातलं ‘हिंमत धर’ याच धातूचं आहे. म्हणजे सरदार जे म्हणतात ते ‘माझी ताकद’, ‘माझं सैन्य’ यापेक्षा ‘माझी हिंमत’ याच्या जवळ जातं. यरुशलेमचे रहिवासी माझी हिंमत आहेत. मराठीत असं वाचून पाहा, वचन लगेच उजळतं.

(जुन्या ग्रीक भाषांतरात इथे ‘यरुशलेमचे रहिवासी आम्हांला सापडतील’ अशा अर्थाचं वाक्य आहे. इब्रीत ‘हिंमत’ आणि ‘सापडणं’ यांत इथे शेवटच्या एका अक्षराचाच फरक पडतो. मी इब्री पाठाबरोबर जातो, कारण पुढचं ‘देवाच्या ठायी’ त्याच्याशीच नीट जुळतं.)

आता यहोशवाचा तोच पहिला अध्याय शेवटपर्यंत वाचा. सहाव्या, सातव्या आणि नवव्या वचनात परमेश्वर यहोशवाला म्हणतो, खंबीर हो, हिंमत धर. मोशे गेलेला आहे, यार्देन अजून ओलांडायची आहे, समोर तटबंदीची शहरं आहेत. मग यहोशवा रऊबेनी, गादी आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशाशी बोलतो. या लोकांना त्यांचा वाटा यार्देनेच्या पूर्वेला आधीच मिळालेला होता. त्यांनी बायकापोरांत स्वस्थ बसायचं म्हटलं असतं, तर मन तिकडे ओढणारी कारणं पुष्कळ होती. पण ते उत्तर देतात, की तू पाठवशील तिकडे आम्ही जाऊ. आणि अठराव्या वचनात, अध्यायाच्या अगदी शेवटच्या शब्दांत, तेच यहोशवाला म्हणतात, ‘खंबीर हो, हिंमत धर’.

देवाने एकांतात सांगितलेलं वाक्य लोकांच्या तोंडून परत आलं. लोकांनी त्यात आपल्या पदरची भर घातली नाही. यिर्मयाच्या शापाचं उत्तर मला इथे मिळतं. यिर्मया ज्याला शाप म्हणतो ते म्हणजे माणसाला देवाच्या जागी बसवणं, मांसाला आपला बाहू करणं, आणि त्याच वचनात पुढे येतं की अशाचं मन परमेश्वरापासून फिरतं. जखऱ्याच्या सरदारांचं मन माणसांकडे पाहताना देवापासून फिरत नाही, उलट त्यांच्यातून देवाकडेच जातं. ‘देवाच्या ठायी’ हे शब्द काढून टाकले तर ते वचन यिर्मयाच्या शापाखाली येईल. ते शब्द आहेत म्हणून येत नाही.

पण मला या वचनात सगळ्यांत जास्त थांबवतो तो दुसराच एक लहान शब्द. सरदार ‘माझ्या देवाच्या ठायी’ म्हणत नाहीत, ‘आमच्या’ही म्हणत नाहीत. ‘त्यांच्या’ देवाच्या ठायी म्हणतात. कित्येक वर्षं मी हा शब्द वाचला आणि पुढे गेलो. तो मला कधी दिसला ते सांगतो.

सेवेचं अकरावं वर्ष होतं. मंडळीत जागेवरून वाद लागला होता. दोन घराण्यांत बोलणं बंद, उपासनेत एका बाजूची बाकं भरलेली आणि दुसऱ्या बाजूची रिकामी. मी दोन्हीकडे समजावून थकलो होतो आणि राजीनामा लिहून पाकिटात घातला होता. बुधवारी प्रार्थनेला गेलो तर पाऊस लागलेला, पाच जणी आलेल्या. त्यांत एक आजी होत्या. अक्षरओळख नव्हती, पण स्तोत्रं तोंडपाठ. त्यांनी प्रार्थना केली, ‘प्रभू, हे पाळक यायच्या आधी तू आमचा देव होतास, हे गेल्यावरही राहशील. आज ते दमले आहेत, त्यांना धर.’ माझ्याविषयी कुणी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी घरी आलो, जखऱ्या उघडलं आणि तो शब्द दिसला. ‘त्यांचा’ देव. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की या लोकांचा विश्वास मी धरून ठेवला आहे आणि मी हात सोडला तर तो पडेल. त्या रात्री कळलं, की त्यांचा देवाशी स्वतःचा करार आहे, माझ्या आधीपासूनचा, आणि मला उभं राहायला तिथे जागा आहे. ते पाकीट मी फाडलं नाही, कित्येक महिने टेबलाच्या खणात तसंच पडून होतं. पण दिलं नाही.

म्हणून मी म्हणतो, की पुढाऱ्याला समुदायाकडून बळ मिळतं ते समुदाय त्याचा असतो म्हणून नव्हे, तर तो देवाचा असतो म्हणून. सरदारांना हे दिसलं, एवढंच या वचनात घडतं. आणि दिसलं कशामुळे, तेही आधीच्या चौथ्या वचनात आहे : ‘यहूदाच्या घराण्यावर मी आपली दृष्टी ठेवीन,’ असं परमेश्वर म्हणतो. त्याने यहूदावर नजर ठेवली, मग यहूदाच्या सरदारांची नजर यरुशलेमकडे वळली.

हे सरदार कोण, तेही थोडं पाहायला हवं. जखऱ्या संदेश देऊ लागला तो पारसाचा (इराणचा) राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५२० मध्ये, हाग्गय संदेष्ट्याच्या बरोबरीने. मंदिराचं काम कित्येक वर्षं रखडलेलं होतं. ते दारयावेशाच्या सहाव्या वर्षी, इ.स.पू. ५१५ मध्ये, पुरं झालं. नववा ते चौदावा या अध्यायांवर साल घातलेलं नाही. ते कधीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्या वादात मी तुम्हांला नेत नाही. एवढं पक्कं, की या पुस्तकातल्या यहूदाला स्वतःचा राजा नाही, वर पारसी सत्ता आहे. बाराव्या अध्यायात सरदारांसाठी ‘अल्लूफ’ हा शब्द आहे. उत्पत्तीच्या छत्तिसाव्या अध्यायात अदोमाच्या कुळनायकांना हाच शब्द लावला आहे. म्हणजे हे राजवाड्यातले लोक नाहीत, गावोगावच्या कुळांचे प्रमुख आहेत. सातव्या वचनात तर त्यांच्या वस्तीला ‘यहूदाचे तंबू’ म्हटलं आहे. शहराबाहेरचे, उघड्यावरचे लोक. त्यांना तट नाही. आणि ते वेढा पडलेल्या शहराकडे पाहून म्हणतात, ही आमची हिंमत.

शहर अडचणीत आहे, तरी बाहेरच्यांना त्याच्याकडूनच हिंमत मिळते. याचा अर्थ तटाच्या उंचीशी किंवा धान्याच्या कोठारांशी त्यांना घेणं नाही. वचन ‘यरुशलेम’ म्हणत नाही, ‘यरुशलेमचे रहिवासी’ म्हणतं. ‘योद्धे’ असंही म्हणत नाही. रहिवासी म्हणजे तिथे राहणारे, बस. याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात या रहिवाशांचं चित्र आहे : हातात काठी घेऊन चौकात बसलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या, रस्त्यात खेळणारी मुलंमुली. यापैकी लढाईला कोण उपयोगी?

आणि त्या काळी यरुशलेमात राहणं हे साधं काम नव्हतं. नहेम्याच्या अकराव्या अध्यायात, पुढच्या शतकात, कोट बांधून झाल्यावरही शहर ओसाडच होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकून दहांतल्या एकाला तिथे राहायला आणावं लागलं. आणि जे आपखुशीने राहायला गेले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला. घर सोडून, शेत सोडून, धोक्याच्या जागी केवळ देवाच्या नावासाठी राहणारी माणसं. त्यांचं तिथे टिकून असणं हीच बाहेरच्यांची हिंमत. तुमच्या गावात लग्न ठरण्यापासून पाणी भरण्यापर्यंत ज्यांनी ख्रिस्ती नावासाठी काही सोसलं असेल, त्यांची चुलीपुढची साधी कुटुंबप्रार्थना या जातीची असते. ती मोजता येत नाही.

मोजण्यावरून दावीद आठवतो. दुसऱ्या शमुवेलच्या चोविसाव्या अध्यायात त्याने लोकांची शिरगणती केली. तेच लोक, तोच देव. पण दाविदाला हवा होता तलवार धरणाऱ्यांचा आकडा, आणि तो मिळाला : इस्राएलात ८ लाख, यहूदात ५ लाख. आकडा हातात येताच त्याचं मन त्याला खाऊ लागलं. जखऱ्याच्या सरदारांनी आकडा विचारलाच नाही. तुम्ही मला चाळीस आणि चार-पाच असे दोन आकडे लिहिलेत. रागावू नका, पण तुमच्या पत्रात त्या चौघी-पाचजणींविषयी आकड्याशिवाय काहीच नव्हतं.

अजून एक गोष्ट. सरदार हे ‘मनात’ म्हणतात. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत अधिकारी आणि राज्यं मनात काय म्हणतात ते एकदा शोधून वाचा. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलचा राजा मनात म्हणतो, मी आकाशात चढेन. सत्तेचाळिसाव्यात बाबेल नगरी मनात म्हणते, मीच आहे, माझ्याशिवाय कोणी नाही. सफन्यात निनवेचे तेच शब्द. ओबद्यात अदोम मनात म्हणतो, मला खाली कोण पाडील? मोठ्यांचं मन उघडून दाखवायचं झालं की आत बहुधा ‘मी’ सापडतो. जखऱ्यात पहिल्यांदा सरदारांचं मन उघडलं जातं आणि आत शेजारच्या शहरातली माणसं सापडतात. हे मोठ्याने केलेलं भाषण नाही, लोकांना खूश करण्यासाठी नाही. ‘तुम्हीच माझी ताकद’ असं व्यासपीठावरून कुणीही म्हणू शकतो. दाविदाचा मुलगा अबशालोम वेशीपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठी मारत असे, त्याने अशीच लोकांची मनं चोरली. दार बंद करून एकटा असताना पुढारी आपल्या लोकांविषयी काय म्हणतो, ते इथे लिहिलं आहे.

अकरावा अध्याय याच्या आधी आहे, तो सोडून बारावा वाचू नका. तिथे मेंढपाळ आहेत आणि मेंढरं विकणारे आहेत. विकणारे म्हणतात, परमेश्वर धन्य, मी श्रीमंत झालो. त्यांच्याही तोंडी देवाचं नाव आहे. त्यांनीही कळपातूनच काहीतरी काढलं आहे. पण कळप कापून काढलं आहे. बाराव्यातले सरदार कळपाच्या विश्वासाच्या आश्रयाला उभे आहेत. दोन्ही ठिकाणी पुढारी समाजावरच जगतो आहे, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी प्रत्येक पाळकाने आपण कुठल्या अध्यायात आहोत ते पाहावं. लोकांकडून मान, वर्गणी, टाळ्या, पाठिंबा एवढंच घेत गेलो तर अकरावा अध्याय दूर नाही.

शौल राजाचंही असंच झालं. गिलगालात लोक पांगू लागले म्हणून त्याने शमुवेलची वाट न पाहता होमार्पण केलं. पुढे अमालेकाच्या प्रसंगी त्याने कबूल केलं, की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. आणि शेवटी विनवलं काय, तर लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. त्याला लोकांची मर्जी हवी होती, तीच त्याचा आधार होती. मर्जी घटली की तो घटायचा.

याउलट यहूदाचा राजा हिज्कीया. इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची तटबंदीची ४६ नगरं घेतल्याचं त्याच्या स्वतःच्या शिलालेखात कोरलेलं आहे. आता फक्त यरुशलेम उरलं होतं. दुसऱ्या इतिहासाच्या बत्तिसाव्या अध्यायात हिज्कीया लोकांना वेशीजवळच्या चौकात जमवतो आणि म्हणतो, खंबीर व्हा, हिंमत धरा. परत तेच दोन धातू. सन्हेरीबाबरोबर मांसाचा बाहू आहे, आपल्याबरोबर आपला देव परमेश्वर आहे. आणि लोकांनी त्याच्या शब्दांवर मन टेकलं.

मग सन्हेरीबाचा अधिकारी रब-शाके तटाखाली आला. दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात तो प्रसंग फार बारकाईने सांगितला आहे. हिज्कीयाचे अधिकारी त्याला विनवतात, की अरामी भाषेत बोल, आम्हांला ती समजते, तटावरच्या लोकांच्या कानांवर आमची भाषा पडू देऊ नकोस. तो मुद्दाम मोठ्याने, यहूदी भाषेतच बोलतो. त्याला हिज्कीयाशी बोलायचंच नव्हतं. हिज्कीया तुम्हांला फसवतो आहे, त्याचं ऐकू नका, माझ्याकडे या, प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीचं आणि अंजिराचं फळ खाईल. पुढारी आणि लोक यांच्यामध्ये पाचर ठोकली की शहर आपोआप पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तटावर बसलेली ती माणसं भुकेली असतील, भ्यालेली असतील. तरी लिहिलं आहे : लोक गप्प राहिले, त्याला एका शब्दानेही उत्तर दिलं नाही, कारण राजाची आज्ञा होती.

त्या गप्प राहण्यामुळे हिज्कीया मंदिरात जाऊ शकला. कपडे फाडून, तरट नेसून तो परमेश्वराच्या घरात गेला, यशयाकडे माणसं पाठवली, पत्र देवापुढे उलगडून ठेवलं. लोक तटावर डगमगले असते तर त्याला वेशीवर धावावं लागलं असतं. तुम्हांला एकांतात वचनापुढे बसायला मिळतं तेव्हा कुणीतरी कुठेतरी तट धरून बसलेलं असतं, बहुधा गप्प राहून, आणि तुमच्याविषयी कानांवर आलेल्या गोष्टीला उत्तर न देऊन.

यहूदाचा राजा यहोशाफाट याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचा तुम्हांला लगेच उपयोग होईल. मवाबी आणि अम्मोनी चालून आले तेव्हा राजाने सगळ्यांसमोर प्रार्थना केली आणि तिचा शेवट असा केला, की काय करावं ते आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. सगळा यहूदा उभा होता, बायका आणि तान्ही मुलंही. आणि देवाचा आत्मा कुणावर आला? राजावर नाही, मुख्य याजकावरही नाही. गर्दीत उभ्या असलेल्या यहजिएल नावाच्या एका लेव्यावर, म्हणजे मंदिरातल्या सेवकावर. राजाने ‘मला कळत नाही’ म्हटलं नसतं, तर यहजिएलला बोलायला जागा कुठून मिळाली असती? पाळकाला सगळं कळतंच असा चेहरा ठेवून मी कित्येक यहजिएल गप्प बसवले असतील, याचं मला आज वाईट वाटतं.

जखऱ्याच्याच पुस्तकातलं आणखी एक दृश्य. सहाव्या अध्यायात मुख्य याजक यहोशवाच्या (हा मोशेनंतरचा यहोशवा नव्हे) डोक्यावर मुकुट ठेवायचा आहे. सोनं-रुपं कुठून आलं? बाबेलातून आलेल्या हेल्दय, तोबीया आणि यदया यांनी आणलेलं. दूर राहिलेल्या बंदिवानांच्या घरांतून निघालेलं ते दान. त्यातून मुकुट घडला, यहोशवाच्या डोक्यावर चढला, आणि मग त्याच्या घरी न जाता मंदिरात ठेवला गेला, देणाऱ्यांची आठवण म्हणून. पुढाऱ्याच्या डोक्यावर जे येतं ते आणलेलं कुणी असतं आणि त्याची जागा कुठे असते, ते या एका अध्यायात सगळं आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण मनात आल्यावाचून राहत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती ही निराधार बायामुलींची संस्था उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. १९०५ च्या आरंभी त्या आपल्या मुलींसमोर उभ्या राहिल्या आणि प्रार्थनेसाठी कोण पुढे येईल असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं ते सर्वांना माहीत आहे. मला जूनइतकाच जानेवारीही महत्त्वाचा वाटतो. जगभर नाव झालेली, संस्कृतची पंडिता, पुढे इब्री आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणणारी ही बाई, आणि ती मदत मागते ती आसऱ्याला आलेल्या मुलींकडे. त्या भाषांतराची छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली. १९२२ मध्ये रमाबाई प्रभूकडे गेल्या तेव्हा भाषांतराचं काम त्यांच्या हातून पुरं झालेलं होतं.

आता कठीण भाग. समुदाय नेहमी उभा राहत नाही. दावीद राहत होता ते सिक्लाग गाव जळाल्यावर लोक दाविदाला दगडमार करायला निघाले होते, आणि तिथे लिहिलं आहे, की दावीद आपला देव परमेश्वर याच्या ठायी खंबीर झाला. तेव्हा ‘त्याचा’ देवच उरला होता. त्याच्या आधी, झीफच्या रानात, त्याचा मित्र योनाथान त्याला भेटून त्याचा हात देवाच्या ठायी बळकट करून गेला होता. ती शिदोरी सिक्लागात कामी आली असेल असं मला वाटतं, पण शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज. आणि आपला प्रभू गेथशेमानेत तिघांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. तिघंही झोपले. त्याच रात्री त्याने जखऱ्याच्या तेराव्या अध्यायातलं वचन उच्चारलं होतं : मी मेंढपाळाला मारीन आणि मेंढरं पांगतील. ज्याने लोकांकडे सोबत मागितली आणि ज्याला ती मिळाली नाही, त्याच्यापुढे तुम्ही आपला एकटेपणा मांडता आहात, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून बाराव्या अध्यायाचा दुसरा अर्धा भाग सोडू नका. यरुशलेमचे रहिवासी सरदारांची हिंमत आहेत, पण ते निर्दोष नाहीत. दहाव्या वचनात त्यांच्यावर कृपेचा आणि विनवणीचा आत्मा ओतला जातो आणि ज्याला त्यांनी विंधलं त्याच्याकडे पाहून ते एकुलत्या एक मुलासाठी रडावं तसे रडतात. दाविदाचं घराणं वेगळं, त्यांच्या बायका वेगळ्या, लेवीचं घराणं वेगळं, प्रत्येक घर आपापल्या ठिकाणी. आणि तेराव्याच्या पहिल्याच वचनात पापासाठी झरा उघडतो तो दाविदाच्या घराण्यासाठी आणि यरुशलेमच्या रहिवाशांसाठी, एकच झरा. पुढाऱ्यासाठी वेगळा घाट नाही. विश्वासू समुदाय म्हणजे न चुकणारा समुदाय अशी समजूत असेल तर तुम्हांला तो कुठेच सापडणार नाही आणि सापडलेल्यांवर तुम्ही रुसाल. विंधलेल्याकडे पाहून ज्यांना अजून रडू येतं, त्यांना मी विश्वासू म्हणतो. माझ्या त्या मंडळीतला जागेचा वाद शेवटी मिटला तोही कुणाच्या तडजोडीने नव्हे, प्रभूभोजनाच्या आदल्या रात्री एका घरचा कर्ता दुसऱ्याच्या दारात जाऊन रडला म्हणून.

सातवं वचनही पाहून ठेवा. देव आधी यहूदाच्या तंबूंना वाचवील, म्हणजे दाविदाच्या घराण्याचा आणि यरुशलेमकरांचा डौल यहूदापेक्षा वाढणार नाही. ज्यांच्याकडून हिंमत घेतली त्यांनीही तिचा तोरा मिरवायचा नाही. आणि आठव्यात त्यांच्यातला सगळ्यांत दुबळा त्या दिवशी दाविदासारखा होईल. पुन्हा तुमच्या चार-पाच म्हाताऱ्या.

पौलाने हेच अनुभवलं. थेस्सलनीकात मंडळी नवी, छळ चाललेला, पौलाला तिथून रात्रीच निघावं लागलेलं. काळजी असह्य झाली म्हणून त्याने तीमथ्याला पाठवलं. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा पौल लिहितो, की तुम्ही प्रभूमध्ये खंबीर राहिलात तर आमच्या जिवात जीव येतो. ‘प्रभूमध्ये’ हा शब्द पाहा, तो जखऱ्याच्या ‘देवाच्या ठायी’चाच आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात, तारू फुटून, साप चावून, कैदी म्हणून पौल रोमाच्या वाटेवर आहे. रोमातले बंधू त्याला भेटायला पुढे येतात, काही ‘तीन उतारशाळा’ नावाच्या ठिकाणापर्यंत, काही अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे ६० किलोमीटरांहून लांब. त्यांतल्या बहुतेकांना पौल तोंडओळखीनेही ठाऊक नसेल. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धैर्य आलं. रोमकरांना पत्र लिहिणारा पौल, आणि रस्त्यावर भेटायला आलेली माणसं पाहून त्याला धैर्य येतं! हे वाचलं की मला कुणाकडून हिंमत घ्यायची लाज वाटत नाही.

आता तुम्ही काय करावं? मी तुम्हांला मंडळी वाढवण्याची युक्ती सांगणार नाही. येत्या बुधवारी पुढची खुर्ची बाजूला करा आणि त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसा. संदेश देऊ नका. यहोशाफाटासारखं सरळ सांगा, की या मंडळीचं पुढे काय करावं ते मला कळत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. एकेकीला करू द्या. मध्ये शांतता पडली तर ती आपण भरू नका. त्या तुम्हांला दाविदाच्या शब्दांत काही सांगतील, ‘उपासना संगीत’ या जुन्या गीतसंग्रहातली एखादी ओळ म्हणतील, कदाचित दुसऱ्याच कुणाच्या आजारासाठी प्रार्थना करतील आणि तुमचं नावही घेणार नाहीत. तरी ऐका.

नंतर एकेकीच्या घरी जा. त्या किती वर्षं विश्वासात आहेत, त्यांच्या घरात पहिल्यांदा वचन कुणी आणलं, त्यासाठी काय सोसावं लागलं, ते विचारा. चहा झाल्यावर प्रार्थना तुम्ही करायची ही रीत आहे, त्या दिवशी त्यांना करायला सांगा. चौघी आहेत की पाचजणी, तेही तुम्ही पत्रात नक्की लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात मला त्यांची नावं कळवा, मी इथून रोज घेईन.